खोक्यावरचं वय, पडवीतली मुलं

गेल्या मे महिन्यात माझ्या माहेरी, गुहागर तालुक्यातल्या घरात, चार मुलं सतरा दिवस एकत्र होती. बहिणीचा थोरला १३ वर्षांचा, ठाण्याला इंग्रजी शाळेत. माझी लेक ९ वर्षांची, मराठी शाळेत. भावाचा मुलगा ६ वर्षांचा, नुकताच अक्षराला अक्षर लावून वाचायला लागलेला. आणि त्याची बहीण साडेतीन वर्षांची. तिला वाचता काही येत नाही, पण 'मला पण' हे दोन शब्द ती कुणाच्याही वाक्यात मध्येच घुसवते.

घरी मोबाइलला रेंज मिळते ती विहिरीच्या कठड्यापाशी, तीही नशीब असेल तर. वळवाचा पाऊस आला की वीज जाते आणि परत कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. एप्रिलमध्येच भावाचा फोन आला. "ताई, तिकडे ही मुलं करणार काय दिवसभर? खेळांचं तू बघ. पैसे आपण तिघं वाटून घेऊ." सहा हजार रुपये ठरले. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून एक अट माझी मीच घातली. खेळ निसर्गाचे हवेत: झाडं, पक्षी, प्राणी. हौसेनं घातलेली अट, पण पुढच्या सगळ्या चुका आणि गमती तिच्यातूनच निघाल्या, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

पहिली चूक तर मुलं यायच्या आधीच झाली. दुकानात 'जंगल'वाला एक खोका दिसला. ३ वर्षांपुढील सर्वांसाठी, किंमत तीनशेच्या आत, झाकणावर हत्ती, वाघ आणि पेंग्विन. पेंग्विन पाहून तेव्हाच शंका यायला हवी होती. घरी उघडला तर आत लुडो. सोंगट्यांच्या जागी प्राणी, घरांच्या जागी झाडांची चित्रं. वाघ सहा पडल्यावर बाहेर येतो आणि हरणाच्या मागून गुपचूप निघून जातो. लुडोबद्दल माझी काही तक्रार नाही, तो आम्हीही खेळलो. पण त्या खोक्यात निसर्ग होता तो भिंतीला लावलेल्या कागदाइतकाच. प्राण्यांच्या जागी मोटारी ठेवल्या असत्या तरी एकही नियम बदलावा लागला नसता. तेव्हापासून खोका हातात घेतला की मी आधी हेच बघते: प्राणी काढून मोटारी ठेवल्या तर खेळ मोडतो का? मोडला तर निसर्ग नियमात आहे, नाही तर नुसता चित्रात.

दुसरा प्रश्न वयाचा. खोक्यावरचा आकडा एकच असतो, पण त्यात निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. लहान तुकडा घशात अडकेल का, ही एक. पत्त्यावरचा मजकूर वाचावा लागतो का, ही दुसरी. आपली पाळी येईपर्यंत किती वेळ गप्प बसायचं आणि एका पाळीत किती गोष्टींतून निवड करायची, हे त्याच्याही पुढचं. हरल्यावर काय होतं, हे तर खोक्यावर कुणीच छापत नाही. '१०+' लिहिलेला एखादा खेळ वाचनामुळे दहा वर्षांचा असतो, तर दुसरा निव्वळ लांबीमुळे. आमच्या घरी हा फरक पहिल्याच रात्री चव्हाट्यावर आला.

न्यू जर्सीहून आलेल्या चुलतभावानं माझ्यासाठी 'विंगस्पॅन' आणला होता. एलिझाबेथ हारग्रेव्ह या पक्षीनिरीक्षक बाईंनी बनवलेला हा खेळ २०१९ साली आला आणि त्याच वर्षी जर्मनीत जाणत्या खेळाडूंच्या खेळांसाठी जे पारितोषिक देतात ते त्याला मिळालं. १७० पक्षी, प्रत्येकाचा वेगळा पत्ता. पत्त्यावर सुंदर चित्र, पक्षी काय खातो, कुठे राहतो, घरटं कसं बांधतो, पंखांचा विस्तार किती. पुठ्ठ्याचं एक दाणापात्र, त्यात वरून फासे टाकायचे. आणि लाकडी गोळ्यांसारखी दिसणारी रंगीत चिमुकली अंडी. खोक्यावर '१०+'. मनात म्हटलं, थोरला आणि माझी लेक खेळतील, सहा वर्षांच्या मधल्याला मी सांभाळीन.

पाऊण तास मी नियमच सांगत होते. थोरल्याला कळत होतं. लेकीला खेळ कळत होता, पत्ता कळत नव्हता. प्रत्येक पत्त्यावर त्या पक्ष्याची करामत इंग्रजीत दोन ओळींत लिहिलेली. ती दर वेळी पत्ता माझ्यापुढे धरायची, म्हणजे तिच्या हातात काय आहे ते सगळ्यांना दिसायचं. तिसऱ्या पत्त्याला तिनं तो उलटा ठेवला आणि म्हणाली, "मला पाणी प्यायचंय." पाणी प्यायला गेलेली मुलगी परत आली नाही. मधल्यानं तोवर अंड्यांचं दुकान मांडलं होतं, निळी दहा रुपयांना, पिवळी फुकट. धाकटी त्या दुकानात गिऱ्हाईक. वहिनी माजघरातून आली तेव्हा धाकटीच्या गालात एक अंडं होतं. काही झालं नाही, तिनं ते काढून हातावर दिलं. पण आमच्या सगळ्यांच्या पोटात गोळा आला. त्या रात्री विंगस्पॅन कपाटाच्या वरच्या फळीवर गेला.

खेळ वाईट नाही, उलट मला तो फार आवडतो. त्यात घुबडाचा पत्ता असा चालतो: गठ्ठ्यातला वरचा पत्ता उचलून बघायचा, त्या पक्ष्याचे पंख ७५ सेंटिमीटरपेक्षा लहान निघाले तर शिकार साधली, नाही तर हात हलवत परत. शिकार दर वेळी साधत नाही हे वर्गात सांगून जेवढं कळत नाही तेवढं इथे कळतं. पण त्यातले पक्षी उत्तर अमेरिकेतले आणि मजकूर इंग्रजी. मराठी शाळेतल्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी तो अवघड नव्हता, परका होता. (आशियातल्या पक्ष्यांचा वेगळा संचही २०२२ साली निघाला आहे, भाषेची अडचण मात्र तीच.)

तिसऱ्या दिवशी लेकीनंच त्या पत्त्यांना वेगळा जन्म दिला. पंखांचा विस्तार आकड्यात छापलेला असतो, आणि आकडा वाचायला इंग्रजी लागत नाही. तिनं पाच-पाच पत्ते वाटले. ज्याचे पंख मोठे तो समोरच्याचा पत्ता जिंकणार. क्रिकेटपटूंच्या पत्त्यांवर मुलं धावा लावून खेळतात ना, तसंच. मधल्याला शंभराच्या पुढचे आकडे याच पत्त्यांमुळे पक्के झाले. कॅलिफोर्नियाच्या काँडर गिधाडाचा पत्ता आला तेव्हा भांडण झालं, "एवढे पंख असूच शकत नाहीत." आजीची शिवणाची टेप आणली. पावणेतीन मीटर. पडवीत थोरला आणि माझी लेक हात पसरून शेजारी शेजारी उभे राहिले तेव्हा कुठे एक गिधाड पुरं झालं. मग अंगणावर घिरट्या घालणारी घार केवढी, हा प्रश्न आलाच. दीड मीटरच्या आसपास, म्हणजे एकटा थोरला पुरतो. त्यानंतर दोन दिवस तो जेवायला बोलावलं तरी हात पसरूनच यायचा.

धाकटीसाठी घेतलेला खेळ मात्र पहिल्या तासातच वसूल झाला. 'फर्स्ट ऑर्चर्ड', हाबा या जर्मन कंपनीचा, खोक्यावर '२+'. मूळचा 'ऑर्चर्ड' १९८६ सालचा, ही त्याची लहानांसाठीची आवृत्ती. चार झाडं, प्रत्येकाखाली चार-चार लाकडी फळं, एक टोपली आणि एक डोमकावळा. फाशाच्या चार बाजूंना रंग, एका बाजूला टोपली, एका बाजूला कावळा. रंग पडला तर त्या रंगाचं फळ तोडून टोपलीत टाकायचं, टोपली पडली तर हवं ते एक. कावळा पडला तर तो बागेकडे एक पाऊल सरकतो. तो बागेत पोचायच्या आधी सगळी फळं काढली तर सगळे जिंकले, नाही तर सगळे हरले.

सगळ्यांनी मिळून जिंकायचं किंवा हरायचं, या एका गोष्टीनं धाकटीचं आयुष्य बदललं. तोवर ती प्रत्येक खेळात लिंबूटिंबू. तिच्यावर राज्य येत नाही, तिचे गुण कुणी मोजत नाही, आणि हे तिला बरोबर कळतं. इथे तिनं टाकलेल्या फाशावर तेरा वर्षांच्या दादाचं नशीब अवलंबून होतं. फळं तिच्या मुठीएवढी, गिळायची भीती नाही. हिरवं सफरचंद तिच्या लेखी पेरू झालं, पिवळं नासपती आंबा, आणि निळा प्लम अर्थातच जांभूळ. कावळ्याचं नाव कुणाला बदलावं लागलं नाही. आजीच्या वाळत घातलेल्या आंब्याच्या साटांवर तो रोज दुपारी हजर असायचा.

थोरला सुरुवातीला उपकार केल्यासारखा बसला होता. चौथ्या डावाला त्याच्या लक्षात आलं की टोपली पडल्यावर कुठलं फळ उचलायचं यात अक्कल आहे. ज्या झाडाखाली जास्त फळं उरलीत तिथलंच घ्यावं, कारण एखादं झाड रिकामं झालं की त्याचा रंग पडूनही फुकट जातो आणि कावळ्याला उसंत मिळते. हे त्यानं धाकटीला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि जांभूळ उचललं. तिला जांभूळ आवडतं.

मोठ्या दोघांसाठी मी 'कॅस्केडिया' घेतला होता. सगळ्यात जास्त पैसे यात गेले. रँडी फ्लिनचा हा खेळ २०२१ सालचा. २०२२ साली जर्मनीचा 'श्पील देस यारेस' म्हणजे वर्षातल्या उत्तम खेळाचा मान त्याला मिळाला. खोक्यावर हाही '१०+', पण हा दहा विंगस्पॅनचा दहा नव्हे. सहाकोनी तुकड्यांवर डोंगर, जंगल, गवताळ माळ, पाणथळ आणि नदी. त्यांवर ठेवायच्या लाकडी चकत्यांवर अस्वल, एल्क नावाचं मोठं हरीण, सामन मासा, ससाणा, कोल्हा. तुकड्यावर वा चकतीवर एक अक्षर नाही. पाळी आली की मांडलेल्या चार जोड्यांतली एक उचलायची, आपल्या प्रदेशात जोडायची, झालं. वीस पाळ्यांत खेळ संपतो.

इथे निसर्ग नियमात आहे. ससाण्याला शेजारी दुसरा ससाणा चालत नाही, एकटा असेल तर गुण. कोल्ह्याला उलट, त्याच्या भोवती जितके वेगवेगळे प्राणी तितकं त्याचं बरं. सामनची रांग लागावी लागते. सामन म्हणजे काय हे सांगायला मी तोंड उघडलं आणि आई तिच्या खुर्चीवरून म्हणाली, "अगं, चढणीचे मासे." प्रश्नच मिटला. पहिल्या पावसात वहाळातून उलटे वर चढणारे मासे मुलांनी पाहिलेले नाहीत, पण त्यांच्या गोष्टी प्रत्येकानं ऐकल्यात. समुद्रातून नदीत अंडी घालायला चढणारा सामन त्यांच्या डोक्यात तिथेच बसला. पोटात गाभोळी घेऊन चढणारे मासे धरावेत की धरू नयेत यावर नंतर आजी आणि थोरला यांच्यात जो वाद झाला, तो कुठल्याही नियमपुस्तिकेत नव्हता.

एक खोड मात्र काढतेच. अस्वलांच्या जोड्या जमवल्या की गुण मिळतात. खरं मोठं अस्वल बहुधा एकटंच हिंडतं. मी हे सांगितल्यावर लेक म्हणाली, "मग आपण अस्वलाला ससाण्याचा नियम लावू." लावला. खेळ चालला.

मधला सहा वर्षांचा माझ्या जोडीनं खेळायचा. दहा-बारा पाळ्यांपर्यंत मजेत, पुढे तो टेबलाखाली. खेळाबरोबर येणारा गुणांचा सोपा तक्ता वापरला, ज्यात सगळ्या प्राण्यांना एकच साधा नियम, तेव्हा तो शेवटपर्यंत टिकला. कंदिलाच्या उजेडात माळाचा पिवळा आणि पाणथळीचा फिकट हिरवा ओळखू येत नाहीत, ही अडचण खोका बनवणाऱ्याला सुचायचं कारण नाही. वीज गेली की आम्ही कॅस्केडिया मिटायचो आणि कावळा काढायचो. लाकडी फळं अंधारात नुसती चाचपूनही मोजता येतात.

आणखी एक खेळ शाळेतल्या एका बाईंकडून उसना आणला होता, 'फोटोसिंथेसिस', २०१७ सालचा, '८+'. पुठ्ठ्याची उभी झाडं आणि पटाभोवती फिरणारा सूर्य. सूर्य जिकडून येतो त्याच्या उलट बाजूला झाडाची सावली पडते. लहान झाडाची एक घर, मध्यमची दोन, मोठ्याची तीन. सावलीतल्या आपल्याएवढ्या किंवा आपल्यापेक्षा बुटक्या झाडाला ऊन मिळत नाही, आणि ऊन हाच तिथला पैसा. त्यातूनच बी टाकायचं, झाड वाढवायचं.

निसर्ग नियमात हवा म्हणणाऱ्या माणसासाठी याच्यापेक्षा चोख खेळ नाही. आणि आमच्या घरी सगळ्यात मोठं भांडण याच खेळानं लावलं. थोरल्यानं पहिल्या फेरीतच ओळखलं की आपलं झाड वाढवण्यापेक्षा दुसऱ्याचं सावलीत घालणं फायद्याचं. माझ्या लेकीची तीन झाडं सलग दोन पाळ्या उपाशी राहिली. ती रडली नाही, पट उधळला नाही. ती बाहेर जाऊन आंब्याखाली लावलेल्या आजीच्या मिरचीच्या रोपांपाशी बसली. थोड्या वेळानं आत येऊन म्हणाली, "आजी, तुझ्या मिरच्या पण दादाच्या झाडाखाली आहेत." आजीनं दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर रोपं उपटून दक्षिणेच्या कुंपणापाशी लावली. एवढा उपयोग मी त्या खेळाकडून अपेक्षिला नव्हता. पण आठ वर्षं हा आकडा नियम कळण्यासाठी ठीक. सावलीत बसवणाऱ्याशी दुसऱ्या दिवशी बोलण्यासाठी थोडा कमीच. नंतर आम्ही ठरवलं की थोरल्यासमोर लेक आणि मी एका बाजूला. मग तोही उपाशी राहू लागला.

शेवटी मोठं झाड पटावरून काढलं की गुण मिळतात. नियमपुस्तिका याला जीवनचक्र पूर्ण होणं म्हणते. आमच्या भागात याला तोड म्हणतात, आणि मधल्यानं लगेच विचारलं, "ट्रक कुठाय?"

आता या मधल्याचं. सतरा दिवसांत सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावर झाला आणि तो माझ्या यादीचा दोष होता. धाकटीचा खेळ त्याला लवकर सोपा झाला, मोठ्यांचा लांब पडला. सहा वर्षांच्या मुलासाठी मी वेगळं काही घेतलंच नव्हतं. वाटलं होतं, तो इकडेतिकडे भागवून घेईल. आज घ्यायचं झालं तर 'हूट आउल हूट' घेईन. त्यात सगळ्यांनी मिळून घुबडांना सूर्य उगवायच्या आत घरट्यात पोचवायचं असतं. रंगांचे पत्ते समोर उघडे, वाचायचं काही नाही, पण कुठलं घुबड आधी हलवायचं याचा विचार लागतो. आणि हातात सूर्य आला तर तोच खेळावा लागतो, टाळता येत नाही. त्या वयाला विचार हवा असतो, फक्त एका वेळी एकच.

तेव्हा मात्र घरात होतं त्यावर भागवलं. जुन्या लग्नपत्रिका कापून चोवीस चौकोन केले आणि झाडांच्या पानांच्या जोड्या बनवल्या. आधी खरी पानं चिकटवली होती. त्या हवेत चार दिवसांत ती तपकिरी झाली आणि दोन-तीन पानांवर बुरशी आली. मग पान खाली ठेवून वरून खडू घासला. शिरा उमटतात, कडा उमटते, रंग आपल्याला हवा तो. आंबा, फणस, काजू, रातांबा, जांभूळ, सागवान अशी बारा झाडं. पालथे मांडायचे, दोन उघडायचे, जोडी लागली तर आपली. आंबा आणि जांभूळ यांची पानं घासल्यावर इतकी सारखी दिसतात की थोरलाही फसला. मधला मात्र अंगणात जाऊन पान चुरगळून वास घेऊन यायचा आणि शिरांतला फरक दाखवायचा. या एका खेळात तो सगळ्यांना हरवत होता. खर्च शून्य, खडूही त्याचेच.

आणि शेवटच्या आठवड्यात आई एकदा पडवीत खडूनं रेघा ओढायला बसली. आडव्या पाच, उभ्या पाच, मध्ये तिरक्या. चार कोपऱ्यांत चार खडे म्हणजे वाघ. वीस चिंचोके म्हणजे बकऱ्या, एकेक करून मांडायच्या. वाघ शेजारच्या बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या जागी उडी मारून तिला खातो; पाच खाल्ल्या की जिंकला. बकरीच्या पाठीला बकरी असेल तर उडी मारता येत नाही, आणि चारी वाघ कोंडले की बकऱ्या जिंकल्या. नेपाळात हाच खेळ बाघचाल नावानं आजही जोरात आहे, तमिळनाडूत तीन वाघ आणि पंधरा बकऱ्यांचा त्याचा भाऊ आहे, आणि असे कोरलेले पट आपल्याकडे किल्ल्यांच्या आणि लेण्यांच्या फरशांवरही सापडतात. माझ्या मोटारीच्या परीक्षेत तो पहिल्या नंबरानं पास झाला: कळपानं राहणं आणि एकट्यानं शिकार करणं काढून टाकलं तर उरतं काय?

वाघ थोरल्याकडे, बकऱ्या लेक आणि मधल्याकडे मिळून. पहिले सहा डाव वाघांचे. सातव्याला मधल्याला कळलं की कडेकडेनं भिंत बांधत यायचं, घाई करून मध्ये घुसायचं नाही. तो डाव एक तास चालला. शेवटचा वाघ कोंडला गेला तेव्हा थोरला म्हणाला, "मावशी, हा रडीचा डाव आहे," आणि लगेच परत मांडायला बसला. चिंचोके धाकटीच्या हाती लागू नयेत म्हणून मी मधे भिंतीसारखी बसले होते, आणि तिच्याकडे मोठ्या सुपाऱ्या देऊन त्या बकऱ्या म्हणून मोजायचं काम सोपवलं होतं.

हिशेब सांगायचा तर सहा हजारांतले तीनशे लुडोत वाया गेले, उरलेले दोन खेळांत. विंगस्पॅन भेट, फोटोसिंथेसिस उसना, पानं आणि वाघ-बकरी फुकट. पुठ्ठ्याचे खेळ कोकणात ठेवायचे तर घट्ट झाकणाच्या डब्यात, हेही शिकले. फोटोसिंथेसिसची झाडं दमटपणानं इतकी सैल झाली की त्या बाईंना परत देताना मला ओशाळायला झालं.

कावळ्याचा खेळ आजोळीच राहिला. मुलं गेल्यावर आईनं डबा लावताना फळं मोजली तर पंधरा. आठवड्यानं भावाचा फोन आला की पुण्यात धाकटीच्या फ्रॉकच्या खिशात एक निळं जांभूळ सापडलं, ती ते उशाशी घेऊन झोपते आणि द्यायला तयार नाही. आईनं चौथ्या जांभळाच्या जागी सालीसकट वाळलेली एक सुपारी ठेवली आहे.